काकांच्या सॅकचं वजन

ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये सामान कमी होत जातं आणि किस्से साठत जातात. लग्न होऊन मी नाशिकहून इंदूरला आले, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या ग्रुपकडे ढीगभर किस्से होते. आता माझेही काही झालेत. सगळेच हसण्यासारखे नाहीत.

*

ग्रुप वाघमारे काकांचा. त्यांचे वडील महूला फौजेत होते, काका स्वतः बँकेतून रिटायर. मानपूरजवळ टेकडीच्या पायथ्याशी एक टपरी आहे. तिथे चहा घ्यायचा आणि हुकाच्या काट्याला एकेकाची सॅक टांगायची. नियम दोन. आपली सॅक दुसऱ्याने उघडायची आणि फालतू सामान काढायचं. आणि ज्याला स्वतःची सॅक झेपत नाही, त्याने इथूनच घरी जायचं.

"हमाल पाहिजे तर स्टेशनवर जा," काका म्हणायचे.

*

माझ्या पहिल्या ट्रेकला समीरने माझा टूथब्रश अर्धा कापला. "एकेक ग्रॅम वाचवायचा असतो." लग्नानंतर त्याने माझ्यासाठी केलेलं ते पहिलं काम.

काका म्हणाले, "सूनबाई, ह्याची सॅक तू उघड."

निघाली केसांच्या जेलची अख्खी बाटली.

*

ग्रुपमधल्या पंकजच्या स्लीपिंग बॅगच्या आत अर्धा किलो लौंग सेव सापडली. "काका, ये सामान नहीं है, जरूरत है."

काकांनी तिथेच पाकीट फोडून सगळ्यांना वाटलं. "घे भिया. झाली सॅक हलकी."

*

काकांकडे वडिलांच्या वेळचा कॅनव्हासचा तंबू होता. आम्ही हसायचो, ते ऐकायचे नाहीत. मागच्या हिवाळ्यात अचानक पलासियाच्या दुकानातून एका हातात मावेल असा तंबू घेऊन आले. मग स्टीलचं ताट गेलं, जाड ब्लँकेट गेलं.

"काका तो अल्ट्रालाइट हो गए!" पंकजने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

नंतर मी बडा गणपती भागातल्या त्यांच्या घरी गेले, तेव्हा काकी पोहे परतता परतता म्हणाल्या, "फुप्फुसं गेलीत बेटा त्यांची. आमचा जिनासुद्धा बसत बसत चढतात. डॉक्टर म्हणतात, चाला, पण ओझं नको. ग्रुपला कळलं तर माझ्याशी बोलणार नाहीत ते."

मी समीरला सांगितलं. समीरने पंकजला.

*

पुढच्या ट्रेकला वजन झाल्यावर काकांचा तंबू गुपचूप समीरच्या सॅकमध्ये गेला, पाणी पंकजच्या. मुक्कामाला काकांनी सॅक उघडून आत हात फिरवला.

"माझा तंबू?"

पंकज चूल पेटवण्यात गुंतला. समीर बुटाची लेस सोडत बसला.

जेवताना काका एवढंच म्हणाले, "नियम मीच केला होता. मलापण लागू आहे."

*

त्यानंतर ते यायचे बंद झाले. मागच्या रविवारी टपरीवर पोचलो तर काका आधीच बाकावर बसलेले. शेजारी सॅक, गच्च फुगलेली.

"आज सूनबाई बघेल माझी."

मी चेन थोडी उघडली. आत घरातली उशी होती, फुलाफुलांच्या अभ्र्याची. तिच्या बाजूला पाण्याची छोटी बाटली आणि इन्हेलर. बाकी काही नाही.

चेन लावली. सॅक हुकाला टांगली. काटा जेमतेम हलला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"सात किलो," मी म्हणाले.

"जास्त होतंय," पंकज म्हणाला. "काही काढायचं का?"

"नको. सगळं लागणारं आहे."

काकांनी चहा संपवला. सॅक पाठीवर घेऊन दोन्ही पट्टे घट्ट ओढले, आणि पाठीवर सात किलो असल्यासारखे पुढे वाकून चढाकडे निघाले.