मामांच्या चष्म्यातली नावं

आमच्या मामांइतका भित्रा माणूस अमरावती ते अकोला या पट्ट्यात आजवर झाला नाही आणि पुढेही होईल असं वाटत नाही. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. धंद्यानं पुरोहित. आता ज्याची रोज अग्नीशी गाठ त्यानं विस्तवाला भ्यावं का? पण मामा होमात तूप सोडायचे ते हातभर लांबून, तोंड फिरवून, आणि ज्वाळा जरा उठली की मंत्रासकट मागे सरकायचे. गोदानाला खरी गाय दारात बांधलेली दिसली की त्यांचे मंत्र धावत सुटत. गायीऐवजी नारळ ठेवणारा यजमान त्यांना फार धार्मिक वाटे. अमरावतीहून अकोल्याला आमच्याकडे यायचं तर एसटीचा प्रवास. मूर्तिजापूरला गाडी थांबली की खाली उतरून सगळे टायर बघून येत. एकदा ड्रायव्हरनं विचारलं, "महाराज, हवा चेक करून राहिले का?" मामा म्हणाले, "नाही बावा, तुमी चालवा. मी आपलं देवाचं नाव घेऊन राहिलो." कुत्रा, पाल, गॅसची शेगडी, दुचाकीवरचे तरुण, मिक्सरचा आवाज, यांपैकी काहीही त्यांना घाबरायला पुरे होई. दुसऱ्याला मात्र 'भिऊ नकोस, मी आहे' हा आशीर्वाद असा खणखणीत देत की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाला यमही बिचकत असेल.

अशा माणसाच्या नाकावर एक दिवस तो चष्मा आला. मामांची मुलगी बेंगळुरूला असते, तिनं आणला. दिसायला साध्या चष्म्यासारखाच, जरा जाड काड्यांचा. पण घातला की काचेवर हिरवी अक्षरं उमटतात, ती फक्त घालणाऱ्यालाच दिसतात. पहिला आठवडा मामांनी तो देवघरात ठेवून लांबूनच पाहिला. "नाकावर करंट ठेवून कोनी फिरते का?" असा त्यांचा सवाल होता. मग हळूहळू सवय झाली आणि त्यांनी आपली सगळी भीती चष्म्याच्या हवाली केली. औषधाच्या पाकिटावरची तारीख चष्मा वाचणार, अनोळखी गल्लीत रस्ता चष्मा दाखवणार. चौक ओलांडताना समोर बाण दिसायचा आणि मामा त्या बाणामागून निघायचे. बाण मध्येच अडला की हेही भर रहदारीत थांबायचे, आणि दोन्ही बाजूचे रिक्षावाले त्यांचा उद्धार करायचे. मी म्हटलं, "मामा, बाण सोडा, गाड्या पाहा." तर म्हणाले, "गाड्या पाह्यल्या तर मी घराबाहेर पडीन का?"

पुढे पोथीही चष्म्यात गेली. उजव्या कानापाशी काडीवर बोट टेकवलं की पान उलटायचं. धामणगावला एका वास्तुशांतीला मी सोबत होतो. पूजेत गुरुजी करतील ते यजमानानं करायचं, हा आपल्याकडचा रिवाज, आणि उजव्या कानाला हात लावणं हा एक विधीच आहे. मामांनी पान उलटायला कानाला बोट लावलं, यजमानानं लावलं. यजमानाच्या बायकोनं लावलं. थोड्या वेळानं मागे बसलेले व्याही, जावई, पाणी आणणारी आत्या, सगळे एकाच वेळी कानाला हात लावायला लागले. मंत्र लांबलचक, पानं पुष्कळ. जेवताना एक म्हातारे मला म्हणाले, "तुमचे गुरुजी लय कडक. आमच्या जुन्या गुरुजीनं इतके कान कधी धरू देल्ले नाही."

परत आल्यावर हा किस्सा मी मामांच्या मुलीला फोनवर रंगवून सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "दादा, चष्मा मी हौसेनं नाही आणला. बाबांनीच मागितला. पोथी तर भरलीच आहे, शिवाय सगळ्या नातेवाइकांचे फोटोही भरून दिलेत. माणूस समोर आला की नाव दिसतं."

माझं हसू तिथंच आटलं. मामांना लहानपणापासून सगळं पाठ. पोथी त्यांनी कधी उघडलेली मी पाहिली नव्हती. अन् त्यांच्या वडिलांचं शेवटी काय झालं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही एवढंच. तेव्हापासून ते मला हाक मारण्याआधी क्षणभर माझ्या कपाळाच्या वर कुठंतरी पाहतात, हे मला दिसायला लागलं. न दिसतं तर बरं होतं.

मग माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. अकोल्याला आमच्या घरी मामाच आले. चष्मा काढून त्यांनी खिडकीत ठेवला. "पितराइचं काम हाय. इथं वाचून नाही सांगत," म्हणाले. मी घाबरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो. वडील, आजोबा, पणजोबा, तिघांची नावं त्यांनी न अडखळता घेतली. आईकडची घेतली. जी नावं मलाही आठवत नव्हती तीही घेतली. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. शेवटी आशीर्वाद देताना यजमानाचं नाव घ्यायची त्यांची पद्धत. अक्षता हातात घेऊन ते माझ्याकडे पाहत राहिले. बोट कानापाशी गेलं, तिथं काही नव्हतं. मग अगदी अदबीनं त्यांनी विचारलं, "यजमान, तुमचं नाव?"

मामांनी मला आयुष्यात कधी 'तुमचं' म्हटलं नव्हतं. मी नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला, आणि अक्षता माझ्या डोक्यावर कमी, जमिनीवर जास्त पडल्या.

नंतर आतल्या खोलीत ते माझा हात धरून बसले. "बाबाइले असंच झालं होतं, अवी. आपल्याच दारात उभं राहून विचारत, हे कोनाचं घर होय? कुत्र्यापासून पळता येते रे. याच्यापासून कुठं पळू?" मी त्यांची भीती घालवणारं काहीतरी बोलायला हवं होतं. पण मीही त्यांच्याइतकाच घाबरलो होतो.

वडीलधाऱ्यांना नमस्कार करताना आपलं गोत्र आणि नाव आपणच मोठ्यानं सांगायचं, अशी जुनी रीत आहे. मुंजीत ती शिकवतात आणि मांडव उतरायच्या आत बटू विसरतो. मी आता ती पाळतो. अमरावतीला गेलो की उंबऱ्यातच वाकतो आणि म्हणतो, "भारद्वाज गोत्राचा अविनाश, मामा, नमस्कार करतो." त्यांना वर काही शोधावं लागत नाही. "आयुष्मान भव," ते म्हणतात, आणि मग, "असा दारात काहून उभा हायेस अवी, आत ये." पण नाव सांगून झाल्यावर आणि त्यांचं उत्तर येण्याआधी जो थोडा वेळ जातो, त्यात मी मान वर करत नाही. मला भीती वाटते.