तारेने आलेला चांद

रमजान आला की मला माणसांचा कंटाळा यायचा. मी नंदुरबार स्टेशनवर तारबाबू होतो, आणि आमच्या मोहल्ल्यात घड्याळाशी रोजचा संबंध असलेला मीच एकटा. लढाईचे दिवस होते. सरकारने सगळी घड्याळं तासभर पुढे ढकलली होती, पण सूर्याला काही तसा हुकूम गेला नव्हता. पहाटेची सहरी खाणं कधी थांबवायचं, रोजा कधी सोडायचा, नव्या वेळेने की जुन्या, हे विचारायला लोक मला कुठेही गाठत. न्हाव्यापुढे गालाला साबण लावून बसलो तरी सुटका नसे. उपाशीपोटी तेच ते किती वेळा सांगणार? मी वसकन अंगावर जायचो आणि पुन्हा सांगायचो.

त्या वर्षी एकोणतिसाव्या रोज्याला परतीच्या पावसाचे ढग आले. सूर्य बुडताच, मगरिबच्या वेळी, सगळा मोहल्ला मशिदीच्या गच्चीवर आणि कापसाच्या जिनिंगच्या भिंतीवर चढला, पण पश्चिमेकडे नुसता काळा ढीग. चांद दिसला तर उद्या ईद, नाही तर आणखी एक रोजा. मी ड्यूटीवर होतो. आमचे स्टेशनमास्तर ब्राह्मण, खणात पंचांग ठेवणारे. त्यांनी चष्मा वर सारून पाहिलं आणि म्हणाले, "आज चंद्रदर्शन लिहिलंय. चंद्र वर आहे, आता ढगांना कोण सांगणार?" तोवर मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी प्लॅटफॉर्मवर येऊन उभी राहिली होती. खाजगी निरोप धाडायची मनाई, पण दर वर्षी ती त्या एका संध्याकाळपुरती सगळेच विसरत. मी सुरतेच्या तारबाबूला विचारलं. थोड्या वेळाने तारयंत्राचा खटका वाजू लागला. दिसला, उद्या ईद.

मशिदीच्या मौलानांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. खटक्याची साक्ष धरावी की नाही, यावर त्यांचं मन दोन्हीकडे होतं. पण लोक काही थांबणार नव्हते. मोहल्ल्यात फटाके उडाले आणि शेवटी मौलानाही हो म्हणाले.

घरी आलो तर माय जात्याजवळ बसलेली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कित्येक वर्षं तिला चांद दिसलाच नव्हता. बाप तिची हनुवटी धरून तोंड पश्चिमेकडे वळवायचा आणि म्हणायचा, "दिखना," म्हणजे दिसला. तेवढ्यावर ती दुवेसाठी हात उचलायची. बाप आदल्या हिवाळ्यात गेला. कापूस पिंजून पिंजून त्याची छाती धुळीने भरली होती. त्याच्या मागची ही पहिली ईद.

मी म्हटलं, "माय, सकाय ईद शे. सुरतमा चांद दिखना."

"कोन्ही देखा?"

"तारवर निरोप उना."

"तारले डोया शेतस का? देखा कोन्ही, ते सांग."

मला जेवून पडायचं होतं. बायको म्हणाली, जाऊ द्या. पण मायला मी ओळखत होतो, म्हणून तसाच स्टेशनवर परत गेलो आणि सुरतेला विचारलं, तुझ्याकडे चांद कोणी पाहिला? तो पारशी माणूस. माझ्यासारखाच थकलेला असावा. त्याने कळवलं, अख्खा बाजार उजळलाय, रस्त्यात मिठाई वाटतायत, आता कोणाकोणाला विचारत फिरू?

हे मी मायला जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे त्याले बजार दिखना, चांद नही."

मी चिडलो. पंचांगाचं सांगितलं, मौलानांचं सांगितलं. ईदच्या दिवशी रोजा धरणं हराम आहे, हेही तिलाच ऐकवलं, जिने मला कलमा शिकवला तिला. ती म्हणाली, तुम्ही ईद करा, माझं मन मानत नाही. पहाटे उठून तिने भाकरीचा तुकडा पाण्याबरोबर खाल्ला आणि रोजा धरला.

सकाळी नमाज पढून आलो. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, अत्तराचा वास येत होता, आणि माझ्या पाठीवर थापा पडत होत्या, जसा काही चांद मीच उगवून आणला होता. घरात बायकोने शीरखुर्मा केलेला. मी वाटी घेऊन मायसमोर बसलो. नमाजहून आलं की तिच्या हातून पहिला घास खायचा, ही आमच्या घरची रीत. तिने वाटी बाजूला केली. "आज नही," म्हणाली. मी गळाभेटीला वाकलो, तर तिने माझ्या छातीला हात लावून मला मागे सारलं. मी काही न खाताच ड्यूटीवर गेलो. दिवसभर पोटात आग होती आणि डोक्यातही. खरं सांगायचं तर बाप गेल्यापासून मी मायवर इतका कधीच रागावलो नव्हतो.

संध्याकाळी वारा सुटला आणि आभाळ धुतल्यासारखं मोकळं झालं. घरी आलो तेव्हा माय खजूर हातात धरून अजानची वाट पाहत अंगणात बसली होती. अजान झाली. तिने रोजा सोडला, पाणी प्यायली, आणि तोंड वर न करताच विचारलं, "दिखना का?"

जिनिंगच्या धुराड्याच्या वर चांद होता. चांगला वर. पहिल्या रात्रीचा चांद नखाएवढा असतो आणि पाहता पाहता बुडतो. हा बुडायच्या गोष्टीच करत नव्हता. "दिखना," मी म्हटलं. बारीक आहे म्हणालो असतो तर तिला कळलंही नसतं.

"बारीक शे का जाड?"

"जाड शे, माय. दुसऱ्या रातना शे."

ती खजुराची बी बोटांत फिरवत राहिली. माझा सगळा राग उतरला आणि त्याच्या जागी नुसता थकवा उरला. मी तिची समजूत काढायला लागलो. तिची नियत साफ होती, ईदला चुकून रोजा घडला तरी अल्ला माफ करणारा आहे, मौलानांना विचारू, असं बरंच काही.

तिने मला थांबवलं.

"अल्लाले मी सांगसू," ती म्हणाली. "पन ईदना दिन मन्हा पोऱ्या मन्हा दारमातून उपाशी गया. तुले काय सांगू?"