गिअरच्या दांड्याला बांधलेला हार

वडिलांची दोन सीटांची जुनी विलायती स्पोर्ट्स कार मी लातुरात अजून चालवतो. चौथा गिअर टाकून दांड्यावरचं बटण ओढलं की ओव्हरड्राइव्ह लागतो. वेग तोच राहतो आणि इंजिनाचा जीव हलका होतो. गेल्या दसऱ्यानंतर तो लागेचना.

त्याआधी महिनाभरच नांदेडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स खोलला होता. मला दुसरं कारण सुचलंच नाही. जीभ माझी आधीच तिखट. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या आमच्या टोळक्यात सांगून टाकलं, म्हाताऱ्याचा हात गेला आता. दोघांनी मिस्त्रींकडची ठरलेली कामं काढून घेतली. मग मी गाडी घेऊन नांदेडला त्यांच्या गॅरेजात गेलो आणि बाकावर गिऱ्हाइकं बसलेली असताना आवाज चढवला.

"चाचा, झेपत नव्हतं तर खोलला कशाला?"

 चाचांनी पान्याला हात लावला नाही. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली, चौथा गिअर टाकला आणि स्वतः गाडीखाली आडवे झाले.

"बटन ओढा, साब."

मी ओढलं. दोनदा, तीनदा.

"खट् आवाज यायला पायजे. येईना. करंटच पोचंना इथवर. गिअरबॉक्स बरा हाय."

बाहेर येऊन त्यांनी दांड्याच्या बुडाचं रबर वर केलं. बटणाची वायर उपसून आली होती आणि तिच्यात दोरा अडकला होता, सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्यांसकट. खंडेनवमीला मीच हौसेनं दांड्याला हार गच्च बांधला होता, आणि सुकल्यावर हिसका देऊन ओढला होता. माझे कान तापले. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाकळ्या मुठीत घेतल्या.

"काय निघालं, चाचा?" बाकावरून एकानं विचारलं.

"वायर जुनी हाय, तुटली. मीच बघायला पायजे होतं तवा."

मी शेजारीच उभा होतो. दोन शब्द बोलायचे होते, बोललो नाही. त्याची लाज अजून जात नाही.

चाचांनी वायर जोडून दिली. परतताना ओव्हरड्राइव्ह पहिल्याच ओढीला लागला. लातुरात टोळक्यानं विचारलं, काय चुकलं होतं म्हाताऱ्याचं?

"वायर बघायची राहिली होती," मी म्हणालो. वर हेही सांगितलं, की चाचांनी स्वतःच कबूल केलंय.