एकटीसाठी कूलर

आईच्या खोलीतलं यंत्र अजून भिंतीवरच आहे. काड्यापेटीएवढी पांढरी डबी, पलंगाच्या वर, कॅलेंडरच्या शेजारी. ती काढायला म्हणून मी स्टुलावर चढते आणि दर वेळी दादा म्हणतो, "राहू दे ना. तुझं काय खाऊन राहिली ती?" मग मी खाली उतरते.

त्या खोलीत आता कुणी राहत नाही. तरी खोली किती तापली आणि हवेत ओलावा किती, हे ती डबी टिपतच असते. मी रविवारी जाते, फोन जवळ धरते आणि आठवड्याच्या दोन रेघा फोनात उतरतात. तांबडी उष्णतेची, निळी ओलाव्याची. रिकाम्या खोलीच्या रेघा कशा असतात हे मला चांगलं माहीत आहे, माझं कामच ते आहे. या तशा नाहीत. का नाहीत, ते कळण्यासाठी आधी आईचं सांगावं लागेल.

मी जबलपूरच्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते. आम्ही काही जण मिळून घरांच्या आतली उष्णता मोजतो. पेपरात शहराचं जे तापमान छापून येतं ते मोकळ्या जागेत, सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं, आणि त्या पेटीत कुणी राहत नाही. लोक गोहलपूरच्या वस्तीत पत्र्याखाली राहतात, गच्चीखालच्या खोलीत राहतात, खालच्या वर्कशॉपची धग वर येते तिथे पोरंबाळं घेऊन राहतात. म्हणून आम्ही घरोघर डब्या लावल्या. उन्हाळा संपला की सगळ्यांच्या रेघा उतरवायच्या, घरांना नावाऐवजी नंबर द्यायचे आणि कुणालाही फुकट बघता येईल असं ते सगळं उघडं ठेवायचं. घरं बांधणारे, दवाखानेवाले, महापालिका, ज्याला कुणाला सुबुद्धी होईल त्याच्या कामी येईल. फक्त एक नियम. ज्या घराची रेघ, तिथे ती आधी दाखवायची. घरच्यांनी हो म्हटलं तरच बाहेर द्यायची. हा नियम मीच हट्टाने करून घेतला होता. तो माझ्याच गळ्यात येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

एक डबी मी माहेरी लावली. जबलपूरच्याच गोरखपूर भागातलं आमचं घर वडील संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते तेव्हाचं. ते गेल्यावर तिथे आई आणि माझा मोठा भाऊ, दोघंच. दादाने लग्न केलं नाही. रेल्वेच्या ऑफिसात आहे, सकाळी डबा घेऊन जातो, दिवे लागायच्या सुमारास परत येतो.

मी भिंतीला डबी चिकटवत असताना आई खाली उभी राहून बघत होती.

"हे काहून लावून राहिली?"

"खोली किती तापते ते कळेल."

"त्याच्यासाठी डबी कशाला पाहिजे? मला विचार ना. खूप तापते." आणि स्वतःच हसली. मग जरा थांबून म्हणाली, "अच्छा, अन् मी दिवसभर काय करते तेही दिसते का याच्यात?"

"नाही गं, तुझं काही दिसत नाही. फक्त खोलीचं." मी हे अगदी खात्रीने सांगितलं.

खोलीच्या खिडकीत कूलर होता. दादाने कमानिया गेटकडच्या दुकानातून आणलेला मोठा लोखंडी, मागे खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळ्या लावलेला. सकाळी निघताना दादाचं एकच पालुपद: "आई, कूलर लाव हं." आणि तिचं एकच उत्तर: "हो रे बाबा, लावते. चल, निघ तू." संध्याकाळी तो यायचा तेव्हा कूलर घरघरत असायचा, ओल्या खसचा वास दारापर्यंत आलेला असायचा. दादा चपला काढता काढता खूश. "माझी आई महाराणीसारखी गारव्यात असते," असं तो ऑफिसात सांगायचा.

आई गेली ती नौतपात. उन्हाळ्यातल्या त्या सगळ्यांत कडक दिवसांना आमच्याकडे सगळे तेच म्हणतात, मराठी घरातसुद्धा. दादा संध्याकाळी आला तर कूलर चालू, खोली गार, आणि आई पलंगावर कुशीवर निजलेली. त्याने चहा केला आणि मग हाक मारली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, ऊन तर लागलं नसेल? दादाने लगेच सांगितलं, "नाही नाही. खोली एकदम थंडी होती. कूलर चालू होता." पुढे जो जो भेटायला आला त्याला त्याने हेच सांगितलं. त्रास झाला नाही, गारव्यात गेली, झोपेतच गेली. बुडत्याने ओंडका धरावा तसं त्याने ते वाक्य धरलं होतं. मलाही ते बरं वाटायचं.

जिथे ती गेली तिथे आमच्या पद्धतीप्रमाणे ताटात पीठ पसरून, शेजारी दिवा ठेवून वर टोपली पालथी घातली होती. नंतर ती उचलून पिठावर काही उमटलंय का ते पाहतात. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते पावलावरून कळतं म्हणे. मी असल्या गोष्टींवर नाक मुरडणारी. पण दादाने टोपली उचलली तेव्हा मीही वाकले. पिठावर एक बारीक खळगा होता. कुणी म्हणालं चिमणी, कुणी म्हणालं काही नाही, उंदीर असेल. दादा कितीतरी वेळ त्या खळग्याकडे बघत बसला होता.

पाऊस सुरू झाल्यावर आम्ही सगळ्या डब्या रिकाम्या केल्या. रेघांवर नुसते नंबर होते. मी एकेक चाळत होते आणि एका घरापाशी थांबले. कूलर लागला की ओलावा वर चढतो आणि उष्णता खाली येते, दोन रेघा एकमेकींना छेदून जातात. बाकीच्या घरांत हे दुपारी व्हायचं. या घरात भर दुपारी काहीच नाही. सकाळपासून तांबडी रेघ नुसती चढत जाते, चढत जाते, आणि संध्याकाळी, रोज त्याच सुमाराला, अचानक छेद. सुट्टीच्या दिवशी मात्र सकाळपासून गारवा. मला फार आनंद झाला. खोटं कशाला बोलू, संशोधकाला असं काही सापडलं की जो आनंद होतो तोच. इथे कुणीतरी एकटं राहतं आणि दुसरं माणूस घरी यायच्या जरा आधी कूलर लावतं! मी शेजारी बसलेल्या सहकाऱ्याला बोलावून दाखवलंसुद्धा. मग घर कुठलं ते पाहायला यादी काढली.

नंबरासमोर आमच्याच घराचा पत्ता होता.

मग शेवटचा दिवस काढला. काढायला नको होता असं मी स्वतःला किती वेळा म्हटलं असेल, पण डोळे तिकडे गेलेच. त्या दिवशी तांबडी रेघ आधीच्या कुठल्याही दिवसापेक्षा वर गेली होती. संध्याकाळची वेळ झाली तरी छेद नाही. रेघ अजून वर. आणि मग, रोजच्यापेक्षा उशिरा, दादा यायच्या अगदी थोडं आधी, छेद. म्हणजे ती उठली होती. त्या तसल्या अवस्थेत, भिंत धरत, खिडकीपर्यंत गेली होती, बटण दाबून परत येऊन निजली होती. पोरगा उन्हातून येईल, त्याला खोली गार लागली पाहिजे. दादाला जो गारवा लागला तो त्याच्यासाठीच होता. तिचं तोवर आटपलेलं होतं.

त्यापुढे निळी रेघ रात्रभर वर. बाहेरच्या खोलीत माणसं जमली होती, तिला सकाळी न्यायचं होतं, कूलर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. त्या उन्हाळ्यात कामाच्या दिवशी तिच्या एकटीसाठी म्हणून कूलर चालला तो तेवढाच.

आता नियम. घरच्यांना दाखवायचं, विचारायचं, मग बाहेर द्यायचं. घरचं म्हणजे दादा. ती रेघ दाखवली तर त्याचं ते वाक्य जातं, आणि त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. नाही दाखवली तर ती कायमची माझ्यापाशी पडून राहते, आणि गल्लोगल्ली ज्या बाया तेच करताहेत त्यांना कुणी सांगत नाही. मी दिवस ढकलत राहिले. एका सेमिनारला गेले, एसी हॉलमध्ये शाल पांघरून बसलेल्या लोकांना उष्णतेबद्दल सांगितलं, टाळ्या घेतल्या. आईची रेघ त्यात नव्हती. परतताना गाडीत मला स्वतःचा इतका राग आला की जेवणाचा डबा न उघडताच परत आणला.

होळी झाली, पुन्हा झळा लागायला लागल्या. एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेले. दादा कूलरच्या जाळ्या बदलत होता.

"काहून गप्प बसून राहिली? सीधं सांग ना, काय झालं?"

मी सांगितलं. तांबडी रेघ काय, निळी काय, छेद म्हणजे काय. आधी साधे दिवस दाखवले. त्याला लगेच कळलं नाही, मग कळलं. सुट्टीच्या दिवसावर त्याने बोट ठेवलं. "इथे मी घरी आहे." मग त्यानेच विचारलं, "अन् त्या दिवशीची?" मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "दाखव."

पिठाकडे पाहत होता तसाच तो पाहत राहिला. मी छेदावर बोट ठेवलं नाही, त्याने स्वतःच ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. मला वाटलं, तो माझ्यावर ओरडेल. ओरडला असता तर फार बरं झालं असतं. हाताला लागलेल्या खसच्या काड्या त्याने एकेक करून काढल्या आणि म्हणाला, "तिच्या भजनाच्या बायांना दाखव. सगळ्या तशाच आहेत."

आईच्या भजनी मंडळातल्या बायका शेजारच्या काकूंकडे जमतात. आम्ही त्यांच्या बैठकीत चादर टांगून रेघा दाखवल्या. दादा मागे दाराशी उभा होता. नाव सांगितलं नव्हतं, नुसतं एक घर म्हणून दाखवलं. मी छेद समजावून सांगितला तशी बायकांत खसखस पिकली. एक म्हणाली, "अरे बाप्पा, हे तर माझंच घर!" काकू म्हणाल्या, "मोठी हुशार बाई आहे ही. मुलाला कळूही देत नाही. अन् खरं सांगू का, एकट्या जिवासाठी काय एवढा कूलर चालवायचा? बरं वाटते का ते?" सगळ्या माना डोलवत होत्या, एकमेकींना टाळ्या देत होत्या.

"माझी आई आहे ती, काकू," दादा मागून म्हणाला. "याच उन्हात गेली."

टाळीसाठी वर गेलेला काकूंचा हात तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, "मीपण हेच करून राहिली रे." नंतर एकेक बाई येऊन स्वतःच्या खोलीबद्दल विचारत होती, पलंग कुठे हलवू, गच्चीवर काय घालू, गरगरलं तर कुणाला हाक मारू. इतके प्रश्न मला आजवर कुठल्याच सेमिनारमध्ये कुणी विचारले नव्हते. आईची रेघ आता सगळ्यांसाठी उघडी आहे, नंबर घालून. माझा जीव मात्र अजून थाऱ्यावर नाही.

आणि मग या नौतपातला रविवार. मी नेहमीसारखा फोन धरला आणि रेघा उतरल्या. आधी वाटलं, डबी बिघडली. सकाळी दादा ऑफिसला निघायच्या वेळेला छेद. मग दिवसभर निळी वर, तांबडी खाली, रिकाम्या बंद खोलीत. आणि संध्याकाळी, तो परत यायच्या वेळी, तांबडी चढायला लागते ती रात्रभर चढलेली. आईची रेघ कुणीतरी उलटी करून ठेवावी तशी. म्हणजे जाताना हा कूलर लावून जातो, आल्यावर बंद करतो आणि त्याच तापलेल्या खोलीत बसून राहतो.

रिकाम्या खोलीत कूलर चालवणं म्हणजे वीज आणि पाणी वाया घालवणं, हे मी जगाला सांगत फिरते. आणि तापलेल्या खोलीत बसू नका, हेही. तोंडात दोन्ही वाक्यं तयार होती.

"दादा, दिवसभर तर घरी कोणी नसते. मग कूलर काहून?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकलेल्या बाईला एवढं साधं कसं कळत नाही.

"दिवसभर एकटी असते ना ती."

कूलरच्या टाकीत पाणी कमी झालं होतं. बादली उचलली आणि भरायला गेले.