हॉलमधला तेबा

आम्हा ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगमध्ये, मधोमध कठड्याचा उंच चौथरा असतो. त्याला तेबा म्हणतात. त्यावर उभं राहून हज्जान सगळ्यांसाठी प्रार्थना म्हणतो. कोकणातल्या आमच्या गावी पप्पांनी जन्मभर तेच केलं. बंगळुरात सिनेगॉग नाही, म्हणून यंदा किप्पूरच्या दिवसभराच्या उपासाला ओळखीची कुटुंबं राजाजीनगरला आमच्याच घरी जमायची ठरली आणि पप्पांनी तेब्याचा हट्ट धरला.

"आधी गुडघे बघा आपले," मी म्हणाले. "खुर्चीत बसून म्हणा. देवाला ऐकू येतं."

"देवाला येतं गं. मला तिथं उभं राहायचंय, एकदा तरी."

मी सुतार शोधायला लागले. चामराजपेटेत एक मराठी सुतार मिळाला.

"किती जण उभे राहणार, अक्का?"

"एकच," मी सांगितलं.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. कठडा घट्ट बसवा, पायरी रुंद करा, असे फोन करकरून मी त्याला भंडावून सोडलं.

"सरी, ठीक आहे अक्का," तो शेवटी म्हणाला, "हत्ती चढणार आहे का?"

त्यानं तेबा आणला आणि लग्नातल्या स्टेजसारखा भिंतीला टेकवून ठेवला. मला हायसं वाटलं. पप्पांनी मात्र तो मधोमध ओढायला लावला. तेब्याभोवती माणसं बसली पाहिजेत, म्हणाले. सोफा बाल्कनीत गेला आणि पप्पांना टेकायला भिंत राहिली नाही. मी दोन दिवस धुसफुसत होते.

किप्पूरला पप्पा पांढऱ्या कपड्यांत वर चढले. आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात; तेब्यावर बायका चढत नाहीत. लहानपणी मी गावच्या तेब्याच्या पायरीवर पाय ठेवला होता, तेव्हा पप्पांनी नुसत्या डोळ्यांनी मला बायकांच्या माडीवर पिटाळलं होतं. ते डोळे मी विसरले नव्हते. मी दारातच चुळबुळत होते, बसत होते, उठत होते.

दुपारनंतर कठडा खडखडू लागला. पप्पांचे पाय थरथरत होते. आवाज अडला. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. त्यांना खाली उतरवायचं कुणी?

मी सरळ गेले, वर चढले आणि त्यांच्या पाठीला हात लावला. पप्पांनी पुस्तकावरून नजर उचलली नाही. अर्धं पाऊल बाजूला सरकून त्यांनी मला जागा केली आणि अडलेली ओळ पुन्हा सुरू केली.

तेबा एकाच माणसाच्या मापाचा होता. पण आम्ही दोघं मावलो.