मशीनच्या पाण्याला चव नाय!

आमच्या वाडीत नवी वस्तू आली की ती चालू व्हायच्या आधी तिचे किस्से चालू होतात. मोबाईलचा टॉवर आला तेव्हा झाले, एसटीची नवी गाडी आली तेव्हा झाले. पाण्याचं आरओ मशीन आलं तेव्हा तर नळाला पाणी कमी आणि किस्से जास्त! मी चौथी नापास माणूस. सजवून लिहायला मला येत नाय. घडलं तसं सांगतो. पटलं तर हसा, नाय तर उठून जा.

वाडी खाडीला लागून. विहिरीचं पाणी शिमग्यापर्यंत बरं, पुढं खारट होत जातं. मे महिन्यात घोट घेतला की समुद्रात पडल्यासारखं वाटतं. सरपंच सुलभा म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. तिने रत्नागिरीला ऑफिसात हेलपाटे घालून चपला झिजवल्या आणि मशीन आणलं. साहेबाने बजावलं, "लोकांनी पाणी नेलं नाही, तर मशीन उचलून दुसऱ्या गावाला देणार."

सुलभा मला म्हणाली, "काका, मशीन परत गेलं तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

मी म्हटलं, "गोडं पाणी कोण सोडतोय गो?"

जन्म ह्या वाडीत काढला, पण वाडी मला कळली नव्हती!

*

मशीन बसवायला मेकॅनिक आला तो कोल्हापूरकडचा. विहिरीजवळच्या शेडमध्ये त्याने दोन उभ्या टाक्या बसवल्या. एकीत वाळू भरली, दुसरीत कोळसा. आमचा भिकूनाना काठी टेकत बघायला आला. नाना म्हणजे वाडीतला सगळ्यात जुना माणूस आणि सगळ्यात जुनी कटकट.

"कोळसा? माझ्या बायकोने जन्मभर टोपाची काजळी घासली, नि तुमी पाण्यात कोळसा घालताव?"

मेकॅनिक हसला. "नाना, दात कशानं घासता?"

"राखुंडीनं."

"मग! कोळशानं दात साफ हुतात, तसंच पाणी हुतंय."

नानाने तोंड उघडून दाखवलं. आत एकसुद्धा दात नाय!

*

मेकॅनिककडे पेनासारखा एक मीटर होता. पाण्यात बुडवायचा. आकडा जेवढा मोठा, तेवढा पाण्यात खार जास्त. विहिरीचं पाणी मोजून तो मला म्हणाला, "काय वो आजोबा, हे पाणी पिता, का ह्यात मासं पाळता?"

दुपारी त्याला आमच्याकडेच जेवायला बसवला. आमच्या म्हातारीने बांगड्याचं तिखलं वाढलं. कोल्हापूरचा गडी, तिखटाला कसला भितोय! पण दुसऱ्या घासाला नाक पुसायला लागला. "आजी, लई जोरात हाय."

म्हातारीला वाटलं नावं ठेवतोय. तो हात धुवायला उठला तेवढ्यात हिने त्याचा मीटर उचलला आणि तिखल्यात बुडवला! आकडा चढत चढत गेला आणि मीटर लुकलुकायला लागला. मेकॅनिक धावत आला.

"आजी! ह्याच्या फुडं आकडा नाही त्यात!"

"मग? आमच्या हाताची चव मोजणार व्हती काय तुजी कांडी?"

*

मशीन चालू करायच्या दिवशी नाना अंघोळ करून, तांब्यात फूल घालून हजर. मेकॅनिकने बटन दाबलं, मोटर घुमली, नळाला पाणी आलं. नाना तांब्या घेऊन पुढं. मेकॅनिकने त्याचा हात धरला.

"नाना, पहिलं पाणी न्यायचं नाही. सोडून द्यायचं."

"पयला आंबा देवाचा, पयलं भात देवाचं, नि पयलं पाणी गटाराचं?"

"नव्या फिल्टरात औषध भरलेलं असतंय. ते धुऊन जायाला पायजे."

नाना हटेना. मेकॅनिक घामाघूम. शेवटी मी म्हटलं, "नाना, देव ठणठणीत हाय. त्याला औषध कशाला पाजतोस?"

नाना तांब्या घेऊन मागं सरला. पण जाता जाता म्हणाला, "मग तूच पी. तुला गरज हाय."

*

ह्या मशीनला पाइप दोन. एकातून गोडं पाणी नळाला, दुसऱ्यातून उरलेलं खारं पाणी गटाराला. खारं पाणी निम्म्याहून जास्त! ते वाहून जाताना बघून बायकांचा जीव तुटला. एकीने पाइपाखाली घमेलं लावून म्हावरं धुतलं. दुसरीने बघितलं. दुसऱ्या सकाळी गटाराच्या पाइपावर रांग! म्हावऱ्याच्या पाट्या, कपड्यांच्या बालद्या, नानाचा बैल.

सुलभाने लांबून गर्दी बघितली आणि धावत आली. "काका, रांग लागली हो, रांग!"

जवळ आली तेव्हा तोंड उतरलं. गोड्या पाण्याच्या नळावर एक कावळा बसला होता, बाकी कोण नाय.

तिला बघून नाना ओरडला, "सुलभा, तो नळ बंद कर गो! ह्या पाइपाला जोर येत नाय!"

*

लोक गोडं पाणी पीत का नव्हते? तर म्हणे चव नाय! चहा फिका, पेज फिकी. आमच्याच घरात बघा. उन्हाळ्यात आमची म्हातारी आमटीत मीठ हात आखडूनच घालते, विहीरच घालते ना! मशीनचं पाणी आणलं आणि हिचा हात सवयीने तसाच आखडलेला. आमटी अळणी.

मी म्हटलं, "मीठ नाय."

"मशीनला विचारा."

संध्याकाळी ही परत विहिरीवर. म्हणे, "विहिरीत मीठ फुकट हाय. इकतचं कशाला घालू?"

त्याच दिवशी सुलभा पडवीत येऊन बसली. साहेब सोमवारी बघायला येणार होता. "माझ्याच घरात सासूबाई विहिरीचं पितात, काका. साहेबाला काय दाखवू? कावळा?" डोळे भरले होते तिचे.

मी म्हटलं, "रविवारी देवळात गाऱ्हाणं हाय ना मशीनचं? सगळ्यांना बोलव. लहानमोठं कोण घरी ऱ्हाता नये."

*

गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. नारळ ठेवून मी देवाकडे एकेक मागणं बोलायचं आणि लोकांनी मागून "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. मागणं ऐकतो कोण! सगळ्यांचं लक्ष नारळ कधी फुटतो इकडे.

रविवारी देऊळ भरलं. मी तोंडातली तंबाखू थुंकून आलो, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ही तुजी लेकरां तुज्या पायाशी आली हायत!"

"व्हय म्हाराजा!"

"त्यांच्या पोराबाळांना सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"मशीनवर कोणाची वाकडी नजर पडली असंल तर ती दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आजपासून वाडीतलं प्रत्येक घर मशीनचंच पाणी पिईल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात खणखणीत नाना! मग मागणं डोक्यात शिरलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. देवासमोर दिलेला शब्द, आता गिळणार कोण? सुलभाने पदर तोंडावर धरला, हसून खांदे हलत होते. सोमवारी साहेबाला रांग दिसली ती गोड्या नळावर, आणि मशीन आज आमच्याच वाडीत आहे.

पण ते सोमवारचं. रविवारी मी खुशीत नारळ उचलला, तेवढ्यात बायकांमधून आमच्या म्हातारीचा आवाज आला.

"एक ऱ्हायलं! आणि गाऱ्हाणं घालणारा आजपासून तंबाखूला शिवणार नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ दणाणलं. आणि ओघात सगळ्यात मोठ्याने ओरडलो तो मी!