रागासाठी एक घर

त्यांना काहीही विचारलं की आधी उजवा अंगठा हलायचा. चार बोटं मुठीत आणि अंगठा हळूच मागे, स्वतःकडे ओढलेला. मग दोन श्वास गप्प. मग म्हणायचे, "थांबा जरा." उत्तर त्यानंतर. चहा घेणार का, असं विचारलं तरी हाच प्रकार, आणि तोवर चहा निवून जायचा.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याची नक्कल करायला सगळ्यांना आवडतं. आमच्या कचेरीत त्यांची नक्कल रोज व्हायची. सगळ्यांत हुबेहूब मी करायचो. आज ते सांगताना लाज वाटते, पण आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी तेव्हा मांजरसुंब्याला एका गवत उत्पादक सहकारी संस्थेत सेक्रेटरी होतो. बालाघाटच्या डोंगरात संस्थेचं मोठं कुरण होतं. एरवी त्या गवताला कोणी विचारत नसे. पण सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला आणि त्या वाळक्या काड्यांना सोन्याची किंमत आली. डोंगरापलीकडच्या वाड्यावस्त्यांची माणसं विळे घेऊन कुरणात शिरू लागली. त्या कुरणाचे राखणदार म्हणजे हे. साठीला टेकलेले, काटक, अंगात खाकी सदरा. मी त्यांना दादा म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे, मी त्यांच्या मुलाच्या वयाचा असूनही.

निजामाच्या काळात, पोरवयात, त्यांनी एका जागीरदाराचं रान राखलं होतं. तिथे त्यांच्या हातात ठासणीची बंदूक असायची. अंगठ्याची सवय त्या बंदुकीची. पुढे जागीरदार गेला, बंदूक गेली, छप्पन सालानंतर त्यांच्या घराने धम्म घेतला. अंगठा तेवढा राहिला.

कुरणात बिबट्याचा माग दिसला, असं संस्थेच्या चेअरमननी एका बैठकीत सांगितलं आणि राखणदाराला रिव्हॉल्व्हर हवं, असा ठराव झाला. अर्ज मी लिहिला. 'वन्य जनावरांपासून संरक्षणासाठी.' दादांनी तो शांतपणे वाचला आणि जनावर किती पायांचं ते लिहायचं राहिलं का, असं मला विचारलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

परवाना संस्थेच्या नावावर आला. वागवायचं दादांनी. मग चेअरमनच्या जीपमधून आम्ही तिघे औरंगाबादला बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, अदबशीर. त्याने हिरव्या कापडावर दोन रिव्हॉल्व्हर ठेवले. एक नवं, चकचकीत. नुसता चाप ओढला की गोळी सुटणार, पुन्हा ओढला की पुन्हा. दुसरं जुनं, लाकडी मुठीचं, झिजलेलं. त्यात दर गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढायचा, मगच चाप. घोडा ओढला नाही तर चाप कितीही दाबा, काही होत नाही.

चेअरमनची नजर नव्यावर होती. दादांनी जुनं उचललं. घोडा मागे ओढला, कान देऊन खटका ऐकला, अंगठ्याने धरून अलगद खाली सोडला. असं तीनदा केलं. मग म्हणाले, हेच.

"काहून रे?" चेअरमन म्हणाले. "चांगलं सोडून हे भंगार?"

दादांनी अंगठा ओढला, थांबले आणि कारणं सांगितली. रानात धूळ लई, काटे लई. जुन्यात बिघडायला कमी हाय. नव्याचा चाप एखाद्या फांदीत गुंतला तर आपलीच मांडी जायची. दुकानदाराने मान डोलावली. वर एक सूचना दिली. घोड्याखालचं घर कायम रिकामं ठेवा, रिव्हॉल्व्हर दगडावर पडलं तर गोळी सुटते. गोळी बसायच्या खाचेला तो घर म्हणत होता. सहा घरं, पण गोळ्या पाचच. दादांनी हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

परतताना ढाब्यावर चेअरमन हात धुवायला गेले, तेव्हा खरं कारण मला कळलं.

"घोडा वढंपर्यंत येळ मिळतो, साहेब," ते म्हणाले. "तेवढ्यात माणूस पुन्यांदा माणसात येतो."

एकदा सकाळी मी काही कागद घेऊन कुरणातल्या त्यांच्या झोपडीवर गेलो. ते हात जोडून पंचशील म्हणत होते. कोणत्याही जिवाची हत्या करणार नाही, हे त्यातलं पहिलं. पाचही म्हणून झाल्यावर ते उठले आणि खुंटीवरचा पट्टा काढून कमरेला बांधला. मला गंमत वाटली. मी म्हणालो, दादा, हे दोन्ही एकत्र कसं जमतं तुम्हाला?

त्यांनी रिव्हॉल्व्हर काढून मला दाखवलं. पाच नव्हे, चारच गोळ्या होत्या.

"एक घर घोड्याखालचं," ते म्हणाले. "आन त्याच्या पुढचं एक माझ्या रागासाठी."

म्हणजे घोडा ओढला की चक्री एक घर पुढे सरकणार, आणि पहिल्यांदा चाप दाबला तर घोडा या दुसऱ्या रिकाम्या घरावर पडणार. नुसता खटका. तुम्हाला कुठे राग येतो, असं म्हणून मी हसलो. त्यावर त्यांचा अंगठा हलला आणि त्यांनी रिव्हॉल्व्हर परत पट्ट्यात ठेवलं.

खरं तर ते कोणावर रिव्हॉल्व्हर उगारतच नसत. कोणी गवत कापताना दिसलं की लांबून खाकरायचे. माणूस कवळाभर गवत घेऊन निघून जायचा आणि दादा उलट्या दिशेला फेरी मारायचे. हे मला ठाऊक होतं. चैत्रापर्यंत चेअरमनलाही ठाऊक झालं.

मग ते पत्र. कुरणातून यापुढे गवत गेलं तर राखणदाराला कामावरून कमी करण्यात येईल आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक तेथे शस्त्राचा वापर करावा, असं ते पत्र. चेअरमन तोंडाने नुसतं म्हणाले होते, "एकाला लोळव म्हणावं, बाकीचे आपसूक बसतील." त्याचं शुद्ध मराठी मी केलं. 'आवश्यक तेथे' हे शब्द माझे. शिक्का मारला, सही घेतली आणि मीच वर नेऊन दिलं.

दादांनी ते दोनदा वाचलं. त्यांची बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि तिला खोकल्याने धरलं होतं. दारात एक म्हैस होती. राखणदाराला रोज एक पेंढी मिळायची, त्यावरच ती उभी होती. नोकरी गेली की म्हैस गेली, आणि म्हशीमागे ती बाई, हे तिथे उभ्या उभ्या मलाही दिसत होतं. त्यांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली आणि मला पाणी विचारलं. त्या दिवसांत पाणी विचारणं ही लहान गोष्ट नव्हती.

त्यानंतर बाराव्या दिवशी, भर दुपारी, ते कचेरीत आले. भुवईवर रक्त वाळलेलं. पट्टा सोडून रिव्हॉल्व्हरसकट माझ्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या बाकावर बसले. ते बाकावर कधी बसत नसत.

"साहेब, लिवून घ्या," ते म्हणाले. "आज मी माणूस मारला."

मी दार लावून घेतलं. मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं ते असं. डोंगरापलीकडचा एक शेळ्यावाला रोज कवळाभर गवत नेत असे. रोज दादा खाकरायचे, रोज तो जायचा. आज मात्र दादांनी त्याला अडवलं आणि विळा मागितला. दोनच शेळ्या राहिल्यात, असं तो रडकुंडीला येऊन म्हणाला. दादांनी खिशातलं पत्र त्याला दाखवलं. त्याने दगड उचलून मारला आणि म्हणाला, आधी जागीरदाराचा कुत्रा होतास, आता चेअरमनचा.

मी विचारलं, मग?

"मंग घोडा वढला. त्येच्या छातीवर धरलं. थांबलो. दोन श्वास थांबलो, साहेब, रोज थांबतो तसा. आन चाप दाबला."

रिकाम्या घराचा खटका झाला. शेळ्यावाला मटकन खाली बसला. त्याला आपण कसे वाचलो ते कळेना. दादांना कळत होतं. त्यांनी त्याला झोपडीत नेऊन पाणी पाजलं, पेंढी बांधून दिली आणि थेट खाली उतरले.

मला मोकळं वाटलं. मी त्यांची समजूत घालू लागलो. दादा, गोळी सुटली नाही, कोणी मेलं नाही, तुम्हीच ते घर रिकामं ठेवलं होतं, त्यासाठीच तर ठेवलं होतं. मी बराच वेळ बोलत राहिलो. आपण काही लिहिलं होतं हे विसरायचं असलं की माणूस फार बोलतो.

"त्यो वाचला," ते म्हणाले. "मी न्हाई. येळ मिळूनबी दाबला मी."

  

चेअरमनना कळलं तेव्हा ते खूश झाले. चला, धाक तरी बसला, म्हणाले. रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवायला मला दिलं. मी चक्री फिरवून पाहिली. चार घरं भरलेली, दोन मोकळी. चारही गोळ्या काढून मी वेगळ्या डबीत ठेवल्या.

दादांनी नोकरी सोडली आणि म्हैस जनावरांच्या छावणीत बांधली. आठवड्याभरात दोघं नवरा-बायको परळीकडे लेकीच्या घरी निघाली. मी मांजरसुंब्याच्या नाक्यावर गेलो. बायको बोचक्यावर बसून खोकत होती. मी मनाशी पक्कं केलं होतं. ते पत्र फाडायचं, चेअरमनशी भांडायचं, शस्त्राशिवाय राखणदार नेमायचा. ते सगळं एका दमात त्यांना सांगितलं. नुसती काठी घेऊन राखण करा दादा, मी नवीन पत्र लिहितो, पाऊस पडला की परत या, याल ना?

मी सवयीने थांबलो. दोन श्वासांची जागा सोडली.

"न्हाई," ते लगेच म्हणाले.

मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर होता. मूठ वळलेली होती आणि अंगठा आत, चार बोटांखाली, घट्ट दाबून धरलेला होता. एसटी आली, ते दोघं चढले, तरी त्यांनी ती मूठ उघडली नाही. दांडी डाव्या हाताने धरली.